बाबांच्या बंदुकीची नळी आणि माझा अर्ज

आमच्या घरात दोन हत्यारं होती. एक बाबांची बारा बोरची बंदूक आणि दुसरं माझं पेन. बंदुकीनं चाळीस वर्षांत कुणाचं काही बिघडवलं नाही. पेनाबद्दल तसं म्हणता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

हिवरखेडजवळ आमचं शेत. काळी जमीन, हरभरा-तुरीला चांगली, आणि रानडुकरांनाही तितकीच आवडती. बंदुकीचा परवाना शेतीच्या राखणीसाठीचा, बाबांच्या नावाचा. जनावर मारलं की जंगल खात्याची भानगड मागे लागते, म्हणून बाबा हवेतच बार काढायचे. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं, एक बार काढायचा, कळप पळाला की घरी येऊन जेवायचं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकच बळी गेला. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी. तिची भरपाई म्हणून आई दर उन्हाळ्यात त्या घरी लोणच्याची बरणी पाठवायची.

मी बार उडाला की कान झाकून घरात पळणारा मुलगा. पुढे अमरावतीला राहायला आलो, नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळायला लागलो, आणि नातेवाइकांनी मला घरचा अर्जनवीस करून टाकलं. मीटरची तक्रार, भाच्याची अ‍ॅडमिशन, मामांची पेन्शन, सगळे अर्ज माझ्याकडे. माझ्या अर्जानं काम झालं नाही असं सहसा होत नाही, असं लोक म्हणत. म्हणजे मीच म्हणत असे, लोक माना हलवत.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबा धुऱ्यावरून पडले. उजवा खांदा मोडला. अकोल्याला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली, हाड जुळलं. पण हात छातीच्या वर जाईना. बंदूक खांद्याला लावली की नळीचं टोक खाली झुकायचं. लिंबाच्या खोडाचा टेकू घेऊन त्यांनी दोन-तीन बार काढून पाहिले. मग एके दिवशी म्हणाले, "दोष बंदुकीचा हाये. नळी लांब पडते. वीतभर कमी केली तं वजन मांगं येईन."

दोष बंदुकीचाच, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

माझा चुलत भाऊ तिथंच बसला होता. तो म्हणाला, "काकाजी, त्याले काय लागते? हॅक्सॉ ब्लेड आनतो. धा मिनिटाचं काम."

"अन् निवडणुकीत जमा कराले कोन्त्या तोंडानं जाऊ? तुह्या?"

हे कळायला बाबांची एक रीत माहीत हवी. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीच्यांना त्याचा वैताग. बाबांना मात्र तो सणच. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक, आणि रांगेत पहिला नंबर. ठाण्यातले नवे शिपाईसुद्धा "या काकाजी" म्हणून खुर्ची द्यायचे. जमा केल्याच्या पावत्या बाबा बिस्किटाच्या डब्यात ठेवत. माझी दहावीची मार्कलिस्ट हरवली, पण पावती एकही हरवली नाही. अशा माणसाला चोरून कापलेली नळी चालणार नव्हती.

म्हणून आम्ही अकोल्याच्या बंदूकवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे विक्रीचा आणि दुरुस्तीचा रीतसर परवाना होता. त्यानं टेप लावून नळी मोजली, खांदा पाहिला, चहा मागवला.

"काकाजी, वीतभर कमी करता येते. त्याच्या खाली गेलो तं हत्यार दुसऱ्या वर्गात जाते, मंग तुमी बी आत अन् मी बी आत. अन् वीतभर कापाले बी आधी कलेक्टर ऑफिसची परवानगी. ते आली की मी कापतो, नवी लांबी मोजून देतो, ते तुमच्या परवान्यावर चढते. झालं."

"किती दिवस?"

"ते अर्जावर हाये. कारण चांगलं लिवा."

बाबांनी माझ्याकडे अशा अभिमानानं पाहिलं की मला त्या क्षणी कारखान्यातली बढती मिळाल्यासारखं झालं. "कारनाची चिंता नाई," ते म्हणाले. "हा हाये ना."

अमरावतीला परत आलो आणि रविवारची सकाळ त्या अर्जावर घातली. अडचण अशी होती की नळी आखूड का करायची, याला कारण एकच होतं. हात. मी ते सोडून लिहून पाहिलं, तर अर्ज पोकळ वाटायला लागला. मग मी माझ्या परीनं जीव ओतला. 'अपघातानंतर अर्जदाराचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. पूर्ण लांबीची बंदूक त्यांस पेलवत नाही व नेम धरताना हात थरथरतो. वयोमानानुसार यात सुधारणा होण्याची शक्यता नाही.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. इतकं ते मला आवडलं होतं.

बायकोनं वाचलं आणि कागद खाली ठेवला. "हे बाबांना दाखवणार आहात?"

"कायद्याला कारण लागतं."

"मी विचारलं, दाखवणार आहात का?"

दाखवला नाही. गावी गेलो, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. बाबांनी चष्मा शोधायला खिसा चाचपला, मग म्हणाले, "तू लिवलं म्हंजे बरोबरच असन," आणि सही केली. चष्मा समोरच्या खिडकीत होता. मला दिसत होता.

तीन महिन्यांत ठाण्यातून चौकशीला शिपाई येऊन गेला. बाबा त्याच्यासमोर पूर्ण वेळ उभे राहिले, खुर्चीला हात लावला नाही. मग कलेक्टर ऑफिसचं पत्र आलं. बाबांनी चुलत भावाला ते फोनवर मला वाचून दाखवायला लावलं. बंदूक परवानाधारक दुकानात जमा करावी, वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावं, अमुक दिवशी समक्ष हजर राहावं.

"जमा करा म्हन्ते," बाबा मागून ओरडले. "म्हंजे कापालेच घेऊन राहिले! पाय, तुह्या अर्जाचं काम!"

मला पत्राचा अर्थ कळला होता. नळीचा प्रश्न बाजूला पडला होता. ज्या माणसाला बंदूक पेलवत नाही, नेम धरताना ज्याचा हात थरथरतो आणि ज्याच्यात सुधारणा होणार नाही, अशा माणसाकडे बंदूक ठेवायचीच का, असा सरळ प्रश्न ऑफिसला पडला होता. तो त्यांना मीच सुचवला होता, तेही सुवाच्य अक्षरात. फोनवर मी एवढंच म्हणालो, "बाबा, मी येतो त्या दिवशी."

त्यानंतर आठवडाभरानं आईचा फोन आला. आवाज दबका. "तुहे बाबा सकाळी उठून पाण्याच्या पाईपात रेती भरतात अन् खांद्याले लावून आंगनात उभे रायतात. मले वाटलं डोक्यावर परिनाम झाला. इचारलं तं म्हंतात, ऑफिसात उचलून दाखवा लागन."

"उचलला जातो का?"

"कालपरवा हनवटीपावतर आला." मग आणखी हळू आवाजात, "त्याहिले सांगू नको म्या सांगतलं म्हनून."

आदल्या रात्रीच मी गावी गेलो होतो; ठरल्या दिवशी बाबा निवडणुकीचेच कपडे घालून माझ्याबरोबर अकोल्याला आले. धोतर, टोपी. फक्त हात रिकामे होते, त्यामुळे ते सारखे खांद्यावरचा दुपट्टा नीट करत होते.

अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता. तो उर्मट असता तर बरं झालं असतं. त्यानं बाबांना बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरचं प्रमाणपत्र वाचलं. "काका, हात वर करता येतो का?"

बाबा उठून उभे राहिले. उजवा हात त्यांनी सावकाश उचलला. छाती ओलांडली, हनवटी ओलांडली, कानाच्या पाळीपर्यंत आणला आणि तिथं धरून ठेवला. कपाळाची शीर फुगली होती. महिनाभर रेतीच्या पाईपानं मिळवलेली ती वीतभर उंची होती. अधिकाऱ्यानंही ते पाहिलं. "बसा काका, बसा," तो घाईनं म्हणाला. "चांगला जातो की." आणि मग फाईलची पानं उलटत, खरोखर गोंधळून, "पण तुमच्याच अर्जात तर..."

त्यानं वाचलं. तिन्ही वाक्यं. चांगलं वाचत होता, माझ्यापेक्षा चांगलं. 'सुधारणा होण्याची शक्यता नाही' इथं त्याचा आवाज जरा उतरला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे उजेडापुढे धरला होता, तेव्हा त्यांनी त्या फिल्मकडे पाहिलं होतं, तसं.

"सही तुमचीच आहे ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"सही माहीच हाये." बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अन् लिवलं ते खरं हाये, साहेब. पोरगं खोटं लिवत नाई."

मी म्हणालो, "सर, मी ते नळी कमी करण्यापुरतं लिहिलं होतं, म्हणजे त्यातून असा अर्थ..."

अधिकाऱ्यानं समजुतीनं वाट काढायचा प्रयत्न केला. बाबांचं वय झालं आहे, परवानाही जुना आहे, तर तो मुलाच्या नावावर करता येईल. "हे घेतील का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी अमरावतीला, शेत हिवरखेडला, आणि दिवाळीत मी अजूनही लवंगी माळ लागली की आतल्या खोलीत जातो. तरीही हो म्हणायला हवं होतं. बंदूक घरात राहिली असती, डब्यात पावत्या पडत राहिल्या असत्या. मी तोंड उघडलं, पण मला उशीर झाला.

"नाई साहेब," बाबा म्हणाले. "त्याले आवाज सहन होत नाई. लहानपनापासून." जसं एखाद्याला दूध पचत नाही म्हणावं तसं, मायेनं.

बंदूक सोडून देण्याचा अर्ज तिथंच द्यायचं ठरलं. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. मी कोरा कागद मांडीवर घेतला, फाईलचा आधार लावला. बाबा शेजारी बसले. चष्मा त्यांनी आधीच घातला होता.

"मी सांगतो, तू लिव," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. नाव, गाव, परवाना, बंदूक स्वखुशीनं दुकानदारास विकत आहे. मग कारण.

"लिव. आता गरज नाई."

त्याच आठवड्यात डुकरांनी आमच्या हरभऱ्याचा विहिरीकडचा तुकडा लोळून सपाट केला होता. सकाळी निघताना मी तो पाहिला होता, बाबांनीही. पेन माझ्या हातात थांबलं.

"लिव ना," ते म्हणाले. "का त्याच्यातबी तुले काही टाकाचं हाये?"

मी लिहिलं. 'आता गरज नाही.' एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बाबांनी कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत, आणि सही केली.

बंदूकवाल्याच्या दुकानात त्यांनी एवढंच विचारलं, "कापली तं नाई ना?"

"परवानगीच नाई आली, काकाजी. हात बी नाई लावला."

"मंग ठीक हाये. साबूत गेली."

त्यानंतर बाबा दोन वर्षं होते. मी पंधरवड्याला जात असे. त्या अर्जाबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत, आणि मलाही विषय काढता आला नाही. पहिल्या वर्षी हरभरा निम्म्याहून कमी घरात आला. अंगणात बसून आई, मी आणि चुलत भाऊ तो थोडासा ढीग पाहत होतो. भाऊ म्हणाला, "डुकराईनं काई ठेवलंच नाई, काकाजी."

बाबांनी एक मूठ उचलली, तळहातावर पसरवली, फुंकर मारली.

"डुकरं नाई रे," ते म्हणाले. "बियानंच खराब होतं औंदा."