लाभावर माप बंद होत नाही

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लाखापर्यंतचे सगळे आकडे येत होते. फक्त ‘एक’ येत नव्हता. ते जालन्याच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, मापाडी होते. धान्याची पोती काट्यावर चढताना मोठ्या आवाजात मोजायची, हे त्यांचं काम. आणि मापाड्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नसतं. त्याला म्हणायचं ‘लाभ’. मग दोन, तीन, चार. बाकीचे मापाडी संध्याकाळी हातपाय धुऊन निघताना हा लाभ मोंढ्यातच ठेवून यायचे. अण्णा तो घरी आणायचे.

ताटात भाकरी पडली की “लाभ”, दुसरी पडली की “दोन”. आई वैतागायची. “अहो, हे घर हाय, मोंढा न्हाई.”

“मंग तिसरी वाढ की, घर असल्यासारखी,” अण्णा म्हणायचे.

आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. लेकरं किती असं कुणी विचारलं की अण्णा आमच्याकडे बोट दाखवून मोजायचे, “ही लाभ, ही दोन, ही तीन.” तीन मुली बघून चुकचुकायला उघडलेलं तोंड ‘लाभ’ ऐकून आपोआप मिटायचं. त्या शब्दाच्या जोरावर मी धाकट्या दोघींवर भरपूर दादागिरी केली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पहिलीत बाईंनी अंक म्हणायला उभं केलं तेव्हा मी खणखणीत सुरुवात केली, “लाभ, दोन, तीन...” वर्ग हसला आणि बाईंनी वडिलांना बोलावलं. अण्णा डोक्यावर तुरीची धूळ घेऊन तसेच आले. “बाई, तुमचं बिलकुल बराबर हाय,” ते म्हणाले. “पण एक म्हणलं की माणसाला वाटतं, बस, एकच? लाभ म्हणलं की त्याला दम निघतो.” फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाले, “शाळेत एक म्हणत जा, माय. बाईचं मन राखावं.”

म्हातारपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून डॉक्टरांनी एक बोट समोर धरलं. “आजोबा, किती बोटं?”

“लाभ.”

डॉक्टर बाहेरगावचे होते. त्यांनी दोन बोटं धरली. “दोन,” अण्णा म्हणाले. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. खात्रीसाठी त्यांनी पुन्हा एक बोट धरलं. “लाभ.” डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “यांना हल्ली विसरायला होतं का?” मी खुलासा करत होते, तेव्हा अण्णांनी त्यांच्या खांद्यावरून मला डोळा मारला, तोही नव्या डोळ्यानं.

पण याच लाभानं माझं आयुष्य सावरलं. बी.ए. झाल्यावर मी तलाठ्याच्या परीक्षेला बसले आणि आपटले. आठ दिवसांत थोरले काका अंबडहून स्थळ घेऊन हजर. “एकदा बसून झालं न्हाई का? आता उजवून टाक पोरीला.” मी दाराआड उभी होते. अण्णांनी मान डोलावली असती तर माझी पुस्तकं त्याच दिवशी रद्दीत गेली असती, आणि मला ती हवी होती.

अण्णांनी काकांपुढं चहा ठेवला. “दादा, एकदा कुठं? ती तर लाभ झाली. लाभावर कोणी माप बंद करतंय का?”

पुढच्या भरतीला मी पुन्हा आपटले. काका पुन्हा आले. “दोन,” अण्णा म्हणाले. तिसऱ्या वेळी थोडक्यात हुकलं, तेव्हा काकांनी चपला काढायच्या आधीच सुनावलं, “तीन झाल्या, अण्णा.”

“चला, तुमाला बी मोजता यायला लागलं,” अण्णा म्हणाले.

गल्लीनं नावं ठेवली. आईनं आमच्याशी बोलणं टाकलं. मीच एकदा म्हणाले, अण्णा, बस झालं. ते म्हणाले, “दिवसाला हजार पोती मोजलेला माणूस हाय मी. तुझ्या चार परीक्षांनी माझा घसा बसत न्हाई.” चौथ्यांदा माझं नाव यादीत लागलं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. तेराव्याला काका माझ्या शेजारी येऊन बसले. उपरण्याचं टोक पिळत होते.

“अण्णा मॅट्रिकला नापास झाल्ता,” ते म्हणाले. “इंग्रजीत. फिरून बसतो म्हणून लई रडला. बापानं ऐकलं न्हाई. दुसऱ्याच दिवशी मोंढ्यात नेऊन उभा केला. मी थोरला, पण मी बी काय बोललो न्हाई.”

मला आधी अण्णांचा रागच आला. जगाची टिंगल करणाऱ्या या माणसानं एवढी एक गोष्ट आम्हाला कधी सांगू नये? मग जालन्यातल्या मस्तगड भागातलं इंटरनेटचं दुकान आठवलं. चारही वेळा परीक्षेचा फॉर्म भरायला अण्णा माझ्याबरोबर तिथं आले होते. मोंढ्याचं काम सोडून शेजारच्या स्टुलावर बसायचे, पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकटक बघत, आणि छापलेली पावती माझ्या हातात पडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मला वाटायचं, अण्णांना कॉम्प्युटरचं फार कौतुक आहे.