जामसरचं पांढरं फडकं

नाशिकला माझं कॅमेऱ्यांचं छोटं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मागून उजेड असला तरी चेहरा दिसेल ना?" मावळतीचा सूर्य पाठीशी घेतल्याशिवाय कुणाला फोटोच नको! तसा नवा कॅमेरा आला होता. पण पारखल्याशिवाय माल भरायचा माझा स्वभाव नाही.

तेवढ्यात जामसरच्या सखारामचा फोन आला. तो लग्नांचे फोटो काढतो. "ताई, बहिणीचं लगीन हाय. घरातलं शेवटचं. आई चौक लिवते तेव्हा तिचं तोंड दरवेळी काळंच येतं." चौक म्हणजे लग्नासाठी भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेलं चित्र. मी लगेच गाडी काढली.

त्र्यंबकच्या पुढे खड्डे मोजू नका, डोंगर बघा. मोखाड्यात गरम भजी खाल्ली, जव्हारला आठशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. सनसेट पॉइंटवर एका जोडप्याचा फोटो काढला. दोघांचे चेहरे लख्ख! मी हवेतच होते.

दुसऱ्या दिवशी जामसरला नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन कामाला लागलो. खोलीला खिडकी नाही, दार एकच. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली, दार तिच्या पाठीशी. चौक पुरा होईस्तोवर दिवा-फ्लॅश काही लावायचं नाही, हा तिचा दंडक. मी भिंतीलगत अंग चोरून फोटो काढला. चेहरा दिसला, पण राखेसारखा. माझा महागडा कॅमेरा तोंडावर पडला. सखारामचं तोंड तर एवढंसं झालं.

"माझं फडकं कुठं टाकलंस रं?" आई करवादली.

"फोटोत घाण दिसतं म्हणून उचललं."

"दरवेळी उचलतोस! त्याबगर मला भिंत दिसत नाय."

नजर कमी झाल्यापासून ती भिंतीच्या पायाशी पांढरं फडकं पसरून बसायची. सखारामनं ते पुन्हा पसरलं. दारातून आलेलं ऊन फडक्यावरून उसळून थेट तिच्या चेहऱ्यावर पडलं. मी बटण दाबलं.

आईनं फोटो कितीतरी वेळ पाहिला. "लिवताना मी हासतंय व्हय?" सखारामनं वाकून फडक्याची दुमडलेली कड नीट केली.

कॅमेरा त्यानं घेतलाच. मीही दुकानासाठी सहा मागवले. पण आता गिऱ्हाइकानं तो प्रश्न केला की आधी दुकानाच्या भिंतीवरचा सखारामच्या आईचा फोटो दाखवते. कुणीतरी हमखास म्हणतं, "खालचं ते फडकं तेवढं काढायला हवं होतं."