तुरे काढलेला मका

स्वीटकॉर्नचं बी कधी हातात घेतलंय? गुलाबी औषध चोळलेलं, सुरकुतलेलं, अगदी मरतुकडं दिसतं. मी पाकीट फोडलं तेव्हा सासू पाठीशी उभीच होती. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी त्यातला एक दाणा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे काय उगवतंय? तुझ्यासारखंच वाळकं हाय."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि लेकरू नव्हतं. त्यामुळं घरात तुळस वाळली तरी माझ्यामुळं, दही लागलं नाही तरी माझ्यामुळं. "हिच्या हाताला काही येतच नाय," हे वाक्य मी इतकं ऐकलं की कुकरच्या शिट्टीसारखं ते नुसतं कानावरून जायचं. पण आत जळायचंच. खोटं कशाला बोलू?

कारण दोष माझ्यात नव्हता. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून, काही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की अडचण नवऱ्यात आहे आणि तिला इलाज नाही. परत येताना रिक्षातच त्यानं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आईला कळलं तर ती जीव देईल. माझी शपथ आहे तुला." मी शपथ घेतली. माझा जीव होता हो त्या माणसावर. वाळूजच्या कंपनीतून थकून आला की बूट न काढता तसाच आडवा व्हायचा, आणि मी त्याचे बूट काढायचे. अशी मी.

आत्याबाईंच्या मनात काय आहे ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. बिडकीनजवळ त्यांचा भाऊ राहतो. त्याची पोर नवरा गेल्यावर कडेवरच्या लेकराला घेऊन बापाकडं आली होती. मामाची पोर करायची तर आमच्यात कुणी नाक मुरडत नाही. मला सोडचिठ्ठी द्यायची आणि तिला लेकरासकट आणायची, असा बेत. नवरा हो म्हणत नव्हता. नाही, असंही म्हणत नव्हता. मी त्या नाहीची वाट बघत होते.

तर मी इरेला पेटले. म्हटलं, बघा आता माझ्या हाताला काय येतं ते. बजाजनगरातल्या आमच्या घरामागं वीतभर जागा आहे, बांधकामाच्या राडारोड्यानं भरलेली. शाळेत शिकवून घरी आले की मी खोरं घेऊन तिथं. विटांचे तुकडे वेचले, शेणखत मिसळलं, मका एका रांगेत न लावता चौकोनात लावायचा असं मोबाईलवर बघून तसा लावला. बोटाच्या पेराएवढा खड्डा, त्यात दोन बिया. आत्याबाई दारात बसून हसायच्या. "मोबाईलवर शेती करती आमची राणी!"

उगवला की! हिरवेगार पोंगे वर आले. त्यात अळी पडली, तर मी चिमटीनं एकेक काढून चिरडली. डाळ-तांदळाचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं त्याला. मका माझ्या खांद्याला लागला तेव्हा शेजारणी कुंपणावरून बघायला लागल्या, आणि आत्याबाईंचं हसणं बंद झालं.

शेंड्याला तुरे डोकावायला लागले, आणि नेमकी खुलताबादहून बातमी आली की माझी आई घसरून पडली. मी माहेरी गेले. आईचा पाय मोडला होता, मला बरेच दिवस लागले. परत आले तर मक्याचे शेंडे बोडके. एकाही झाडावर तुरा नाही.

"हे काय झालं आत्याबाई?"

"मी काढले. जल्मभर बियाच्या कंपनीच्या प्लॉटवर हेच केलं मी. तुरा काढला की समदी ताकद कणसात जाती."

आणि मी विश्वास ठेवला. क्लार्कची पोर मी, मला काय कळतंय प्लॉटवरचं. उलट मला वाटलं, बाई नरमली. आपल्या मक्याला आपणहून हात लावला म्हणजे आपल्यालाही जवळ केलं. मी त्यांना आलं घालून चहा दिला, पाय चेपून दिले. पायसुद्धा चेपले! आठवलं की आजही अंगाची लाही होते.

कणसं धरली. वरून छान हिरवी, केस लोंबणारी. आत्याबाईंनी स्वतःच भावाला निरोप धाडला, रविवारी कणसं खायला ये म्हणून. कशासाठी येणार ते मला कळत होतं. पण मी मनात म्हटलं, येऊ दे, टोपलीभर गोड कणसं समोर ठेवते, मग बोला काय बोलायचं ते.

मामा आले. मी टोपली आणून मध्ये ठेवली. नवऱ्यानं पहिलं कणीस सोललं. आत नुसतं पांढरं दांडकं. दुसरं सोललं, तेही तसंच. तिसऱ्याला कडेला दोन-तीन दाणे, किडक्या दातांसारखे.

"बघ दादा," आत्याबाई म्हणाल्या, "म्हणलं नव्हतं? जशी ही, तसं हिचं पीक."

मामांनी कणीस उलटंपालटं केलं. "तुरे कुणी काढले?"

"आत्याबाईंनी," मी म्हटलं.

"समदे? अक्का, प्लॉटवर मादीच्या ओळींचेच तुरे काढत्यात, नराच्या ओळीला कोण हात लावतं का? तुऱ्याची भुकटी केसांवर पडल्याबिगर दाणा भरत नाय, हे तुला म्या सांगू?"

"मला म्हाईत हाय," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, नजर खाली गेली नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नवऱ्याकडं पाहिलं. म्हटलं, आता तरी बोल. तो पुटपुटला, "कणसांवरून कशाला तमाशा?"

"कणसांवरून?" मी ओरडले. "तुमच्या शपथेला चुलीत घाला! मामा, डॉक्टरांनी दोष यांच्यात सांगितलाय. माझ्यात नाही. मला वांझ म्हणता म्हणता यांच्या आईची जीभ झिजली, आणि हा माणूस शेजारी बसून जेवत राहिला."

आत्याबाई आता कोसळतील, छाती बडवतील, असं मला वाटलं. खरं सांगते, मला ते बघायचंच होतं. त्यांनी टोपलीतलं आणखी एक कणीस घेतलं आणि सोलायला लागल्या.

"ते बी म्हाईत हाय. कालेजात असताना त्याला गालगुंड झालं, खाली उतरलं. तवाच डॉक्टर बोलला होता, ह्याला लेकरू व्हायचं नाय. म्हणून तर दादाची लेकुरवाळी पोर बघितली."

"मग इतकी वर्षं मला का?"

"मग काय माझ्या पोराला म्हणू चारचौघांत?"

मी नवऱ्याकडं वळले. "आईला कळू नये म्हणून शपथ घातलीत ना मला?"

त्यानं मान वर केली नाही. "आईच म्हणाली होती, शपथ घाल म्हणून. तू कुठं बोलू नयेस म्हणून."

मामा उठले. धोतर झटकलं, दारात जाऊन चपला पायात घातल्या. मला वाटलं, आता हा म्हातारा तरी एक शब्द बोलेल. बोलला. माझ्याकडं न बघता, बहिणीला म्हणाला, "पोरीला इचारून कळवतो."