रुमाल धुता येतो, डोंगर नाही

मंडळी, आज सकाळी जोतिबाला गेलतो. तिथलं डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितोय.

पायऱ्यांवरच्या दुकानात गुलाल घेतला. दुकानवाल्या मावशींनी प्लॅस्टिकची पुडी फोडून गुलाल थेट माझ्या पांढऱ्या रुमालात ओतला आणि रिकामी पिशवी स्वतःकडं ठेवली.

"अहो मावशी, रुमालाची वाट लावली की!"

"रुमाल धुता येतोय, पावणं. डोंगर कोण धुणार?"

मी तणतणतच गेलो. दर्शन घेतलं, चांगभलं म्हणून गुलाल उधळला, पाणी प्यायलो आणि बाटली पायऱ्यांच्या कठड्यावरच विसरलो.

परत येताना बघतो तर मावशी पोतं घेऊन कठड्यापाशी उभ्या. हातात माझी बाटली, तिच्यावर माझी पाचही बोटं गुलालात उमटलेली.

"मावशी, ती माझी," मी कसंबसं म्हणालो.

त्या हसल्या. "रोज पोतंभर उचलतो बघा. 'माझी' म्हणणारं तुमीच पयलं."

त्यांच्या दुकानामागचा उतार बघितला. सगळीकडं नुसतं गवत, प्लॅस्टिकचा एक कपटा नाही. एकट्या बाईनं एवढा डोंगर राखलाय! माझे हात आपोआप जोडले गेले.

खरं सांगा, तुमची बाटली कुठल्या कठड्यावर राहिलीय?