शब्द न् शब्द

घनसावंगीला परदेशी डॉक्टरांचं मिशन शिबिर होतं. तिथं मी आणि आमच्या चर्चमधल्या एक बाई भाषांतर करायचो. पेशंटचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगायची त्यांची सवय, अगदी शिवीसकट.

छातीत गाठ असलेली म्हातारी आली. डॉक्टरांसोबत आलेल्या परदेशी पाहुण्यांतल्या एकानं कॅमेरा रोखला. "पदर काढायला सांगा. देणगीदारांना दाखवायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "माय, पदर काढून फोटो मागून राह्यलेत. द्यायचा का?"

"त्याच्या मायचा काढ म्हणावं! मी दवा घ्यायला आल्ते!"

बाईंनी तेवढ्याच चढ्या आवाजात ते इंग्रजीत ऐकवलं.

आयोजक धावत आले. "बाई, तुम्ही आत्ताच निघा."

"माय तपासून होऊ दे, मंग जाते," म्हणत बाईंनी खुर्ची म्हातारीजवळ ओढली.