गुलाबी अबोलीची बोंडे

१४ मे २०२४, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. अणदूरला, आत्याच्या पडवीत. तडतड ऐकून मी प्रथम घड्याळाकडे पाहिले, म्हणून वेळ अचूक आहे.

अबोली मूळची रानातल्या सावलीतली, फुले नारिंगी. आत्याच्या परसातले एकच झुडूप गुलाबी फुलत असे. हा रंग बियांतून उतरतो, की एखाद्या फांदीत अचानक घडलेला तो बदल होता, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न. आत्याचे उत्तर तयार होते: “रंग उडालाय त्याचा, दुसरं काय?” ते झुडूप ज्या फांदीपासून वाढले, ती कुणाच्या दारातून आणली, हे मात्र तिला आठवत नव्हते.

मार्चमध्ये मुळे कुजून झुडूप मेले. त्याच्या अकरा फांद्या लावल्या, एकही जगली नाही. उरली ती फुलांची वाळलेली कणसे आणि त्यांतली बियांची बोंडे. काही फुलांवर मी गुलाबीचेच पराग ठेवले होते, काहींवर नारिंगीचे. दोन्ही प्रकार एकाच सुपात होते, मध्ये फक्त एक दोरा. ही चूक माझी.

आत्या रोज खंडोबासाठी हार गुंफते आणि फुले कोमेजू नयेत म्हणून त्यांवर पाणी शिंपडते. त्या सकाळी माझ्या सुपावरही तिने मायेने शिंपडले. अबोलीचे पिकले बोंड भिजले की फुटते, बी दूर उडते.

“ऐक की,” ती हसत म्हणाली. “नाव अबोली, अन् लई बोलायली.”

“आत्या, तुम्ही पाणी घातलंत?”

“मग? पार वाळून चालली होती. तुझं ध्यान कुठं असतंय?”

मी गुडघ्यांवर बसून फरशीच्या भेगांतून बिया वेचू लागले.

“राहू दे गं. पुढच्या साली येतील की.”

“झाड मेलंय, आत्या. ह्याच शेवटच्या.”

तिने हार खाली ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. बासष्ट बिया मिळाल्या. कोणती कुठल्या बोंडातली, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

नऊ उगवल्या. दिवाळीपर्यंत आठ रोपे फुलली, सगळी नारिंगी. ती नारिंगीच्या परागांची असतील, तर त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते. मला ‘रंग बियांतून उतरत नाही’ असेही लिहिता येत नव्हते. रोपे आत्याच्याच परसात होती; नवव्याला कळी आली, तेव्हा मी परत गेले होते आणि दिवसातून दोनदा तिला फोन करीत असे. तिसऱ्या दिवशी आत्या फोन घेऊनच परसात गेली.

“नारिंगीच हाय, पोरी.”

वहीत लिहिले: फुललेली रोपे नऊ, गुलाबी शून्य.