माथेरानच्या हॉटेलातलं आमचं फेशियल

आम्ही तिघी भेटलो की चहा हमखास गार होतो. एकीनं एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवतात, आणि तिसरी ओरडते, "तो नको गं, तो मी सांगणार!" मी कर्जतची, विठा खालापूरकडची आणि सखू माथेरानचीच. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रोशनबाई नावाच्या पारशी बाईंनी माथेरानच्या एका हॉटेलात 'ब्युटी रूम' उघडली आणि हाताखाली आम्हा तिघींना घेतलं. तोवर चेहरा ही फक्त धुवायची वस्तू, अशी आमची समजूत!

*

पहिले पंधरा दिवस माणसाचा चेहरा मिळालाच नाही. लाल भोपळे मिळाले! त्यांना कोल्ड क्रीम लावून बोटं फिरवायची.

"ऊपर, डिकरी, ऊपर! हात खाली गेला तर गाल पण खाली येते!" रोशनबाई ओरडायच्या.

एकदा खानसाम्यानं आमचा सरावाचा भोपळा न विचारता उचलला आणि भाजी करून वाढली. आम्ही दाराआडून बघत उभ्या. एका साहेबानं भाजी दोनदा घेतली आणि विचारलं, "गुलाब घातलाय का हिच्यात? वा!"

*

मग तोंडी परीक्षा. कातडीचे प्रकार किती? उत्तर सोपं होतं: कोरडी, तेलकट आणि दोन्हींची भेसळ. विठा उभी राहिली आणि म्हणाली, "दोन. एक आपली, एक सासूची."

"सासूची कशी?"

"कितीबी बोला, आत काय जात नाय!"

रोशनबाईंची सासू शेजारच्याच खोलीत राहायची. विठा पास!

*

एका मडमेच्या चेहऱ्यावर विठानं मुलतानी मातीचा पॅक लावला होता. डोळ्यांवर काकडीच्या दोन चकत्या. खिडकी उघडी राहिली आणि एक माकड आत आलं. त्यानं अलगद एक चकती उचलली आणि खाल्ली.

"थँक यू," मडम म्हणाली. तिला वाटलं, विठाच!

माकडानं दुसरी उचलली. मडमेनं डोळे उघडले. समोर माकड! अशी किंकाळी फुटली की पॅकला कपाळापासून हनुवटीपर्यंत तडे गेले. रोशनबाई धावत आल्या, माकडाला हाकललं आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पॅक सुकेपर्यंत बोलायचं नाही."

*

आता माझा पराक्रम. मुंबईहून क्रीम येईना, म्हणून आम्ही बेसन आणि साय वापरू लागलो. मी रसोड्यातून पिवळी पूड आणली, सायीत कालवली आणि एका बाईंना लावली. दोन मिनिटांत त्या म्हणाल्या, "गरम वाटतंय गं." ती मोहरीची पूड होती!

मी घाईघाईनं चेहरा धुतला. गाल टोमॅटोसारखे! मी मनातल्या मनात कर्जतच्या गाडीत बसले. बाईंनी आरसा पाहिला आणि हुरळून म्हणाल्या, "माथेरानची हवा बघा कशी मानवली!"

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. नवीन काहीही असो, आधी कानामागे लावून बघायचं. तेही माझ्या!

*

आणि हा सखूचा. तिचे वडील धोंडूमामा घोडेवाले. एका सकाळी ते तणतणत आत आले. "परक्या बायांची तोंडं चोळनारी पोरगी कोन करील? चल घरी!" सखू रडायला लागली.

रोशनबाई म्हणाल्या, "घेऊन जा. पण आज तिची परीक्षा आहे. चेहरा पाहिजे. बसा."

मामा इतके चकित झाले की बसलेच! सखूनं हात धुतले. बापाच्या चेहऱ्याला ती जन्मात पहिल्यांदा हात लावत होती. गरम टॉवेल ठेवला, तो माथेरानच्या मातीनं लाल होऊन निघाला. दुसराही लाल. तिसऱ्याला मामांचा जबडा सैल पडला, आणि क्रीम लावेपर्यंत ते घोरायला लागले. सखू डोळे पुसत बोटं फिरवत राहिली. ऊपर, ऊपर.

जागे झाल्यावर मामांनी आरशात पाहिलं. गालावरून हात फिरवला. मग तडक बाहेर गेले. सखूचा चेहरा पांढराफटक!

बाहेर त्यांचा घोडा उभा होता. मामा जवळ गेले तसा त्यानं गुलाबपाण्याचा वास घेतला, कान मागे टाकले आणि चार पावलं मागे सरला. मामा पुढे, घोडा मागे. मामा चुचकारतायत, घोडा फुरफुरतोय!

शेवटी मामांनी लगाम धरला आणि खिडकीकडे बघून ओरडले, "सखू! उद्या ह्यालाबी बसव गं!"